घड्याळातला हार्ट रेट किती खरा? शिवाजी पार्कात स्वतःच तपासून बघा

डिसेंबरातली सकाळ, सव्वासहा वाजलेले. मावशी माझ्या बरोबरीने शिवाजी पार्कची दुसरी फेरी मारत होती. वय ५८, हळू जॉगिंग सुरू करून जेमतेम आठवडा झालेला. मध्येच तिने मनगट माझ्यापुढे धरलं. "अगं, हे बघ, एकशे एकसष्ट! दोनशे वीस वजा वय म्हणजे माझे जास्तीत जास्त ठोके एकशे बासष्टच ना गं? थांबू का मी?"

हे एवढं सगळं ती एका दमात बोलली, आणि मला शंका आली ती तिथेच. तिच्याबद्दल नव्हे, घड्याळाबद्दल. खरोखर १६१ ठोके पडत असते तर ५८ वर्षांच्या, नुकतंच पळायला लागलेल्या बाईला इतकं सलग बोलता आलं नसतं. मी म्हटलं, "थांबू नकोस, तशीच पळत राहा." आणि १५ सेकंदांत तिची पावलं मोजली. डावं-उजवं मिळून ४०. म्हणजे मिनिटाला १६०. मग तिला उभं केलं, लगेच नाडीवर बोटं ठेवली. १५ सेकंदांत ३१ ठोके. म्हणजे मिनिटाला १२४. घड्याळ तिचं हृदय मोजतच नव्हतं, पावलं मोजत होतं.

नवीन घड्याळ घेतलेल्या बहुतेकांना हा अनुभव कधी ना कधी येतो. काही जण घाबरून व्यायामच सोडतात. काही जण उलट फसतात: घड्याळ ९८ दाखवतंय म्हणून दामटत राहतात आणि हृदय तिकडे १४० वर असतं. मला दुसऱ्या प्रकाराची जास्त काळजी वाटते. म्हणून आपलं घड्याळ कधी खरं बोलतं आणि कधी नाही, हे प्रत्येकाने स्वतःच तपासून घ्यावं. त्यासाठी एक वही, दोन बोटं आणि तीन-चार सकाळी पुरतात.

आधी हे घड्याळ करतं काय?

घड्याळ उलटं करून बघा. मागे हिरवे दिवे लुकलुकताना दिसतील. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत थोडं जास्त रक्त येतं, त्या क्षणी परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. तो कमी-जास्तपणा सेन्सर टिपतो आणि त्यावरून ठोक्यांचा हिशोब लावतो. म्हणजे घड्याळ हृदयाचा ठोका थेट ऐकत नाही, त्याची मनगटापर्यंत पोचलेली लाट बघतं.

बसलेलं असताना ही लाट स्वच्छ दिसते. पळायला लागलं की हात झुलतो, पट्ट्याखालची कातडी हलते, मनगट आणि सेन्सर यांच्यात फट पडून बाहेरचा उजेड आत शिरतो. या हालचालीमुळे होणारा प्रकाशातला बदल ठोक्याच्या लाटेपेक्षा कितीतरी मोठा असू शकतो. घड्याळात हालचाल मोजणारा वेगळा सेन्सर असतो. त्याच्या मदतीने आतलं सॉफ्टवेअर हालचालीचा भाग वजा करायचा प्रयत्न करतं. पण पावलांची लय आणि हृदयाची लय जवळपास आल्या की कोणती कुणाची हे ओळखताना ते चुकतं आणि पावलांच्या लयीला चिकटून बसतं. धावताना बहुतेकांची पावलं मिनिटाला १५० ते १८० पडतात, आणि जोरात पळताना ठोकेही याच दरम्यान असतात. मावशीचं घड्याळ असंच चिकटलं होतं.

छातीवर बांधायच्या पट्ट्याचं काम निराळं आहे. तो हृदयाचा विद्युत संकेत पकडतो, ईसीजीसारखा. हाताच्या झुलण्याचा त्याच्याशी फारसा संबंध येत नाही. म्हणून तुलनेसाठी तोच वापरतात.

प्रयोगांत काय दिसलं तेही थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने ५० जणांना ट्रेडमिलवर चालवून-पळवून चार मनगटी उपकरणं आणि एक छातीचा पट्टा ईसीजीशी ताडून बघितला. पट्टा ईसीजीच्या अगदी जवळ राहिला. मनगटावरची उपकरणं आरामात बरी होती, व्यायाम सुरू झाल्यावर घसरली. स्टॅनफर्डच्या २०१७ च्या अभ्यासात ६० जण आणि सात उपकरणं होती. त्यांतल्या सहांची हार्ट रेटमधली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. ऐकायला हे छान वाटतं. पण १५० ठोक्यांचे ५ टक्के म्हणजे सात-आठ ठोके, आणि ही सरासरीची गोष्ट झाली. तुमच्या हातावर, तुमच्या चालीत काय होतं ते तुम्हालाच बघावं लागतं.

आपल्याकडे हमखास विचारलं जातं, "सावळ्या कातडीवर हे चालतं का?" ड्यूक विद्यापीठाने २०२० मध्ये ५३ जणांवर नेमकं हेच तपासलं. कातडीच्या रंगामुळे अचूकतेत लक्षणीय फरक त्यांना आढळला नाही. फरक पडला तो हालचालीमुळे: आरामापेक्षा हालचालीत चूक सरासरी ३० टक्क्यांनी जास्त. तेव्हा रंगाची चिंता सोडा, घड्याळ नीट बांधा.

पहिलं काम: घड्याळ बांधणं

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, म्हणून इथे जरा वेळ काढा.

मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला एक उंचवटा असतो, ते हाड. बहुतेक लोक घड्याळ नेमकं त्या हाडावर घालतात. तिथे सेन्सर सपाट बसत नाही, आणि हात वाकला की उचलला जातो. व्यायामाला निघताना घड्याळ कोपराच्या दिशेने वर सरकवा, हाडापासून दोन बोटं तरी अंतर राहू द्या. तिथे मांस जास्त असतं, हालचाल कमी. मग पट्टा रोजच्यापेक्षा एक भोक घट्ट करा. हात झटकला तर घड्याळ जागचं हलता कामा नये, पण बोटांना मुंग्याही येता कामा नयेत. व्यायाम संपला की पुन्हा सैल करा. मुंबईच्या घामात घट्ट रबरी पट्टा दिवसभर ठेवला तर पुरळ उठतं.

फट आहे का हे बघायची सोपी युक्ती: पहाटे निघण्याआधी खोलीतला दिवा बंद करा आणि घड्याळाच्या कडेने हिरवा उजेड सांडतोय का बघा. सांडत असेल तर बाहेरचा उजेडही तिथूनच आत जाणार.

बांगड्या, कडं, पूजेत बांधलेला गंडा, हे सगळं घड्याळाला ढकलत राहतं. बांगड्या काढायच्या नसतील तर त्या हातात राहू द्या, घड्याळ दुसऱ्या हातात घाला. मनगटावर गोंदण किंवा टॅटू असेल तर तिथली शाई प्रकाश अडवते. हात बदला, नाहीतर गोंदलेल्या जागेच्या वर बांधा. सनस्क्रीन आणि तेलाचा थर सेन्सरवर बसतो, तो मऊ ओल्या फडक्याने पुसा. माझ्या ओळखीतल्या एका आजोबांचं घड्याळ अडखळत होतं ते फक्त खोबरेल तेलामुळे.

एसी जिममध्ये हात गार पडलेले असतील तर पहिली पाच-दहा मिनिटं आकड्याकडे बघूच नका. गारठ्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, लाट क्षीण होते. वॉर्मअप झाला की घड्याळही ताळ्यावर येतं.

दुसरं काम: बोटांनी नाडी मोजायला शिकणं

हे टाळू नका. तळहात वर करा. अंगठ्याच्या मुळापासून खाली मनगटाकडे या, तिथे खोबणीत तर्जनी आणि मधलं बोट अलगद टेकवा. अंगठा वापरायचा नाही, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी लागते आणि गोंधळ होतो. फार दाबलं तर नाडी बुजते.

आधी घरात, खुर्चीत बसून सराव करा. ३० सेकंद मोजून दुप्पट करा. आरामात मोठ्या माणसाची नाडी साधारण ६० ते १०० असते, नियमित व्यायाम करणाऱ्यांची त्याहून कमीही असते. सकाळी उठल्या उठल्या आठवडाभर मोजलं की हात बसतो.

व्यायामानंतर मात्र ३० सेकंद मोजायचं नाही. थांबलं की ठोके भराभर उतरतात, मग तुम्ही उतरलेली नाडी मोजता. थांबल्याबरोबर १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. एक ठोका चुकला तर चारचा फरक पडतो हे लक्षात ठेवा. म्हणून घड्याळ आणि बोटं यांच्यात चार-सहाचा फरक आला तर घड्याळाला दोष देऊ नका.

पळताना मनगटावर सापडत नसेल तर मानेवर, गळ्याच्या घाटीच्या बाजूला हलकं बोट ठेवा. एकाच बाजूला, आणि दाबायचं नाही.

तिसरं काम: कट्ट्याभोवतीची परीक्षा

शिवाजी पार्कचं एक सोयीचं आहे. कट्ट्याला लागून एक फेरी सुमारे सव्वा किलोमीटरची, रस्ता सपाट, आणि थांबून नाडी मोजायला कुठेही बसता येतं. तुम्ही फाइव्ह गार्डन्सला, मरीन ड्राइव्हला किंवा बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जात असाल तरी चालेल. जागा एकच ठेवा म्हणजे झालं.

वहीत चार रकाने आखा: काय केलं, घड्याळ, बोटं, पावलं. नोंदीचा क्रम महत्त्वाचा. थांबायच्या आधी घड्याळाचा आकडा बघून लक्षात ठेवायचा, मग थांबायचं, मग नाडी. थांबून घड्याळ बघितलं तर ते मागचाच आकडा दाखवत असतं, कारण ते गेल्या काही सेकंदांचा हिशोब लावून बोलतं.

आधी कट्ट्यावर पाच मिनिटं शांत बसून एक नोंद करा. इथे बहुतेक घड्याळं पास होतात. मग एक फेरी झपझप चाला आणि दुसरी नोंद करा. चालताना पावलं मिनिटाला १०० ते १२० पडतात, आणि नव्या माणसाचे ठोकेही तिथेच रेंगाळतात, म्हणून चालण्यातही घड्याळ चिकटू शकतं. स्टॅनफर्डच्या त्या अभ्यासात सर्वांत जास्त चूक चालण्यातच निघाली होती, आणि सर्वांत कमी जागच्या सायकलवर. हात हँडलवर स्थिर असतो ना!

तिसरी नोंद एकाच वेगाने दोन फेऱ्या जॉगिंग केल्यावर. इथे पावलं मोजाच. घड्याळाचा आकडा आणि पावलांचा आकडा दोन-तीनच्या फरकाने सारखे आले आणि बोटं मात्र वेगळंच सांगत असली, तर चिकटलंय. खात्री करायची असेल तर वेग तोच ठेवून ३० सेकंद पावलं मुद्दाम छोटी आणि भराभर टाका. घड्याळाचा आकडा लगेच पावलांबरोबर उडाला तर शंका उरत नाही.

सोडवायचं कसं? दहा-पंधरा सेकंद चाला, घड्याळ थोडं वर सरकवा, पट्टा आवळा, मनगटावरचा घाम पुसा, आणि पुन्हा सुरू करा. बहुतेक वेळा सुटतं. दर वेळी चिकटत असेल तर घड्याळ दुसऱ्या हातात किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला घालून एक-एक दिवस बघा. एका दिवशी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

चौथ्या दिवशी जलद-मंद: एक मिनिट जोरात, दोन मिनिटं हळू, असं सहा वेळा. मनगटी घड्याळ इथे मागे पडतं. हृदय चढतं तेव्हा आकडा उशिरा चढतो, उतरतं तेव्हा उशिरा उतरतो. जोरातलं मिनिट संपतं आणि सर्वांत मोठा आकडा तुम्ही हळू पळत असताना दिसतो. छातीच्या पट्ट्याच्या आलेखात करवतीसारखे दात दिसतात, घड्याळाच्या आलेखात तिथेच गोल टेकड्या. तेव्हा असा व्यायाम करताना आकड्यावर वेग ठरवू नका. वेळ आणि धाप बघा.

जिने आणि वजनं हा शेवटचा पेपर, आणि यात बहुतेक घड्याळं नापास होतात. डंबेल घट्ट पकडलं की मनगटातले स्नायू आणि शिरा ताठ होतात, रक्ताची लाट दबते. पुशअपमध्ये मनगट वाकून घड्याळ उचललं जातं. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती तेव्हा दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन मी नऊ मजले चढले. दारात घड्याळ ९८ म्हणत होतं, आणि पिशव्या ठेवून मानेवर मोजलं तर १५ सेकंदांत ३५, म्हणजे १४०. वजनाच्या व्यायामात मी घड्याळाकडे बघतच नाही.

सायकलवर मुंबईचे खड्डे आणि हँडलची पकड, दोन्ही त्रास देतात. घड्याळ आणखी वर सरकवा. पोहताना सेन्सर आणि कातडी यांच्यात पाणी शिरतं, तो आकडा सोडूनच द्या.

आणखी एक. घड्याळ काढून टॉवेलच्या गुंडाळीवर बांधलं तरी कधीकधी ते "ठोके" दाखवतं. पडद्यावर आकडा आहे याचा अर्थ नाडी सापडली असा होत नाही.

चूक घड्याळाची की मुंबईच्या हवेची?

मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात लोक म्हणतात, "घड्याळ बिघडलं, त्याच वेगाला पंधरा ठोके जास्त दाखवतंय." बहुधा घड्याळ तेव्हा खरं बोलत असतं.

आपल्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. शरीर जास्त रक्त कातडीकडे पाठवतं. घामावाटे पाणी जाऊन रक्ताचं प्रमाणही थोडं घटतं. एका ठोक्यात कमी रक्त पुढे जातं, म्हणून हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. पहिल्या फेरीला १३०, पाचव्या फेरीला तोच वेग आणि १४५. हा खरा ताण आहे, आणि त्याला मान देऊन वेग कमी करायचा असतो.

फरक ओळखायचा तो चढण्याच्या पद्धतीवरून. हवेमुळे वाढलेला आकडा फेरीगणिक तीन-चारने सरकत जातो, आणि बरोबर दमही वाढतो. चिकटलेल्या घड्याळाचा आकडा काही सेकंदांत १२५ वरून १६० वर उडी मारतो आणि तिथेच खिळून राहतो. दम मात्र आधीसारखाच असतो. मावशीला मी हेच शिकवलं: आकडा उडाला तर आधी बोलून बघ. पूर्ण वाक्य बोलता येतंय? मग पावलं मोज.

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांनी पेडर रोडच्या चढावर हे लक्षात ठेवावं. चढ लागल्यावर घड्याळ उशिरा जागं होतं. तोपर्यंत आकडा कमी दिसतो म्हणून जोर केला तर वर पोचेपर्यंत श्वास संपलेला असतो. उलट स्टार्ट लाइनवर नुसतं उभं असताना ठोके वाढलेले दिसतात ते उत्साहाचे, आणि ते खरे असतात.

झोन, कॅलरी आणि पट्टा

घड्याळातले रंगीत झोन, म्हणजे ठोक्यांवरून पाडलेले व्यायामाच्या जोराचे टप्पे, बहुतेक वेळा "२२० वजा वय" या सूत्रावर बेतलेले असतात. हे जास्तीत जास्त ठोक्यांचं, १९७० च्या सुमाराचं ढोबळ सूत्र आहे. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी दुसरं दिलं: २०८ वजा वयाच्या ०.७ पट. मावशीसाठी पहिल्याने १६२ येतात, दुसऱ्याने १६७. आणि दोन्ही सरासरी आहेत. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत वीस ठोक्यांचा फरक सहज असतो. त्यामुळे झोनचा रंग लाल झाला म्हणून घाबरू नका. नव्या माणसासाठी बोलण्याची कसोटी जास्त भरवशाची: पूर्ण वाक्य बोलता येतं तोवर सोपं, तीन-चार शब्दांवर दम लागला की जोराचं, बोलताच येईना की फार.

ब्लडप्रेशरसाठी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर ती ठोके फारसे वाढू देत नाही. मग हे झोन तुमच्या कामाचे नाहीत. किती जोर करायचा ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

कॅलरीच्या आकड्यावर तर जेवण ठरवू नकाच. स्टॅनफर्डच्या सात उपकरणांत सर्वांत चांगल्याची चूक सरासरी २७ टक्के होती आणि सर्वांत वाईटाची ९३.

छातीचा पट्टा कधी घ्यावा? नुसतं चालणं आणि हळू जॉगिंग असेल तर गरज नाही. जलद-मंद पळणं किंवा हार्ट रेटवर बेतलेलं ट्रेनिंग करायचं असेल तर जरूर घ्या. आधी ग्रुपमधल्या कुणाकडून एक सकाळ मागून बघा. बांधण्यापूर्वी आतल्या बाजूचे पॅड पाण्याने ओले करा, कोरडा पट्टा पहिली काही मिनिटं वेडेवाकडे आकडे देतो. छातीच्या स्नायूंच्या खाली, बायकांनी ब्राच्या पट्टीच्या लगेच खाली, घट्ट बसवा. घरी आल्यावर धुऊन सावलीत वाळवा, नाहीतर घामाच्या मिठाने तो लवकर खराब होतो. छातीवर पट्टा नकोसा वाटत असेल तर दंडावर बांधायचे प्रकाशावर चालणारे बँडही मिळतात. दंडावर मांस जास्त आणि झोके कमी, म्हणून मनगटापेक्षा ते सहसा बरे चालतात.

आकडा बाजूला ठेवायची वेळ

छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, न शमणारी धाप: यातलं काहीही झालं तर घड्याळ ७० दाखवो की १७०, ताबडतोब थांबा, बसा, जवळच्या माणसाला सांगा आणि १०८ वर फोन करा. बोटांखाली नाडी वेडीवाकडी, मध्येच ठोका गाळणारी लागली, आणि हे आरामातही पुन्हा पुन्हा होत असेल तर डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढा. घड्याळाचा आकडा व्यवस्थित दिसतोय हे न जाण्याचं कारण होऊ शकत नाही. आणि चाळिशीपुढच्या, डायबेटिस किंवा बीपी असलेल्या माणसाने पळायला लागण्याआधीच एकदा तपासून घ्यावं.

मावशी आता रविवारी वही घेऊनच येते. कालची तिची नोंद: "तिसरी फेरी, जॉगिंग. घड्याळ १२८, बोटं १२४, पावलं १६२." आणि खाली पेन्सिलीने: "पट्टा एक भोक घट्ट. बांगड्या उजव्या हातात."